फुलकिड्यांच्या सापळ्यात मधमाश्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या कृषी पुरवणीत कांदा बीजोत्पादनातील कीड नियंत्रणावर नुकताच एक लेख प्रसिद्ध झाला. लेख उपयुक्त होता आणि त्यातील बहुतेक शिफारशी आम्ही बीजोत्पादक गेली काही वर्षे पाळतही आलो आहोत. फुलकिड्यांच्या, म्हणजे पातीतला रस शोषणाऱ्या बारीक किड्यांच्या, बंदोबस्तासाठी शेतात निळे चिकट सापळे लावावेत आणि ते पीक निघेपर्यंत ठेवावेत, असे त्यात म्हटले होते. त्याच लेखात दोन परिच्छेद खाली, बी चांगले भरण्यासाठी मधमाश्यांची गरज असल्याने फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये, असेही बजावले होते. ही दोन्ही वाक्ये वेगवेगळी वाचली तर दोन्ही बरोबर आहेत. परंतु एकाच शेतात, एकाच पंधरवड्यात ती एकत्र आली की काय होते हे मी गेल्या हंगामात स्वतःच्या वावरात पाहिले, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मी संगमनेर तालुक्यातील शेतकरी असून दरवर्षी साधारण एक एकरावर कांद्याचे बी, आमच्या बोलीत सांगायचे तर उळे, तयार करतो. वाण एन-२-४-१. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निवडक कांदे लावले, जानेवारीच्या मध्याला डेंगळे (फुलांचे दांडे) वर आले आणि पातीच्या बेचक्यात थ्रिप्स दिसू लागले. (पुस्तकात फुलकिडे लिहितात, गावात सगळे थ्रिप्सच म्हणतात.) जवळच्या बाजारपेठेतील एका कृषी सेवा केंद्रातून निळे चिकट कागद आणले. एकरी किती लावायचे असे विचारल्यावर दुकानदार म्हणाले, "वीस लावा, जास्त लावले तरी वाईट काही नाही." पाकिटावरही जवळपास तोच सूर होता. बांबूच्या काड्या रोवून, पिकाच्या शेंड्यापेक्षा वीतभर उंच, वीस कागद बांधले.

पहिले तीन आठवडे सापळ्यांनी आपले काम चोख केले. भिंगातून पाहिले तर निळ्या कागदावर तपकिरी बारीक रेघांसारखे फुलकिडे शेकड्याने चिकटलेले दिसत, आणि अधूनमधून एखादी माशी किंवा चिलट. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गोंडे, म्हणजे दांड्यांच्या टोकावरचे फुलांचे झुपके, उमलू लागले. जुने कागद भरून गेले होते म्हणून त्याच सुमारास मी नवे कागद बांधले आणि नंतर आठ-नऊ दिवस तिकडे लक्ष दिले नाही. भेसळ (दुसऱ्या वाणाची झाडे) काढण्यासाठी आलेल्या बायांपैकी एकीने हाक मारली, "दादा, ह्याला तर माश्या बी चिकटल्यात की!" मला वाटले, घरमाश्या असतील. जवळ जाऊन पाहिले तर त्या फुलोरी होत्या.

फुलोरी माशी वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. बोरीच्या किंवा बाभळीच्या फांदीला हाताच्या पंजाएवढे एकच उघडे पोळे करून राहणारी, आपल्याकडच्या मधमाश्यांमध्ये सर्वांत लहान, पोटाचा पुढचा भाग तांबूस आणि मागे काळे-पांढरे पट्टे असलेली. त्या कागदावर काही मरून वाळल्या होत्या, तर काही त्याच सकाळी चिकटलेल्या होत्या. एकीच्या मागच्या दोन्ही पायांवर परागाचे मळकट पिवळे गोळे तसेच होते, दोन्ही पंख डिंकात रुतले होते, सोंड बाहेर आली होती आणि पोट लयीत वरखाली होत होते. गवताची काडी घेऊन मी तिला सोडवण्याचा प्रयत्न केला. ती सुटली, परंतु तिचे दोन पाय आणि अर्धा पंख कागदावरच राहिले. नंतर मी तो प्रयत्न सोडून दिला आणि मोजायला लागलो. त्या एका कागदावर २८ फुलोरी, ३ आग्या आणि मुंगीहून जराशा मोठ्या, हिरवट चकाकीच्या ५ माश्या होत्या. या शेवटच्यांना आमच्याकडे नावच नाही. त्या एकेकट्या राहणाऱ्या रानमाश्या असतात, एवढे मला नंतर समजले. बाकीच्या कागदांवर संख्या कमी-जास्त होती. विहिरीकडच्या बोरीच्या कुंपणालगत जे चार कागद होते त्यांच्यावर सर्वांत अधिक. ही एका शेतकऱ्याने बांधावर बसून केलेली मोजणी आहे, संशोधन नव्हे, याची मला जाणीव आहे.

आता यात दैवदुर्विलास कोणता, हे कांद्याच्या फुलाची रचना ठाऊक नसलेल्या वाचकांना सांगायला हवे. एका गोंड्यात शेकडो बारीक पांढरी फुले असतात. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर असतात आणि त्यांचे पराग आधी गळून जातात. त्याच फुलाचा स्त्रीकेसर मात्र नंतर तयार होतो. म्हणजे फुलाला स्वतःचे पराग स्वतःसाठी वापरताच येत नाहीत. ते दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणून द्यावे लागतात. कांद्याचा पराग चिकट असल्यामुळे वाऱ्याचा उपयोग जवळजवळ नाही. हे आणून देण्याचे काम मधमाश्या, रानमाश्या आणि काही फुलमाश्या करतात. एका फुलातून फार तर सहा बिया मिळतात, आणि त्या सहा मिळणार की एक, हे त्या फुलावर माशी किती वेळा बसली यावर ठरते. प्रमाणित बियाण्याच्या कांद्याच्या प्लॉटपासून दुसऱ्या वाणाचा फुललेला कांदा ५०० मीटर दूर असावा, असा बीज प्रमाणीकरणाचा नियम आहे. तो नियमच मुळी माशी पराग घेऊन किती दूर जाते हे गृहीत धरून केलेला आहे. सरकारी कागदावर माशीची दखल आहे. सापळ्याच्या पाकिटावर ती नाही.

शिवाय कांद्याचे फूल हे मधमाशीचे पहिल्या आवडीचे फूल नाही. त्याच्या मधुरसात पोटॅशियमचे प्रमाण बरेच असल्याने शेजारी मोहरी, सूर्यफूल किंवा कोथिंबिरीचा फुलोरा असला की माश्या तिकडे वळतात, हा अनुभव प्रत्येक बीजोत्पादकाला आहे. म्हणून काही जण गुळाचे पाणी शिंपडून माश्यांना बोलावतात, काही जण मधपेट्या भाड्याने आणून बांधावर ठेवतात, आणि ज्यांना दोन्ही जमत नाही ते सकाळच्या वेळी हाताला मऊ फडके गुंडाळून एकेका गोंड्यावरून फिरवत राहतात. मी स्वतः हे केले आहे. एक एकर गोंड्यांवरून हात फिरवायला दोन माणसांना अख्खी सकाळ लागते, आणि तरीही माशीची सर त्याला येत नाही. ज्या पाहुण्यांना बोलावण्यासाठी एवढा खटाटोप करायचा, त्यांच्याच वाटेत डिंक लावलेले वीस निळे कागद मी स्वतःच्या हाताने टांगून ठेवले होते.

निळाच रंग का, याचा मी पुढे शोध घेतला. फुलकिडे निळ्याकडे ओढले जातात, मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी पिवळ्याकडे, हे आपल्या शेतकऱ्यांना आता पाठ झाले आहे. परंतु मधमाशीलाही निळा रंग चांगला दिसतो ही गोष्ट त्याहून जुनी आहे. ऑस्ट्रियात जन्मलेले शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निळ्या पुठ्ठ्यावर साखरपाणी ठेवून मधमाश्यांना तो रंग ओळखायला शिकवले होते आणि राखाडी रंगाच्या अनेक छटांमधूनही त्या निळा पुठ्ठा बिनचूक शोधतात हे दाखवून दिले होते. त्यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मधमाशीला तांबडा रंग दिसत नाही. निळा, हिरवा आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश मात्र तिला स्पष्ट दिसतो. याहून बोलका पुरावा मला वेगळ्याच ठिकाणी सापडला. एखाद्या प्रदेशात रानमाश्यांच्या किती जाती आहेत हे मोजणारे संशोधक निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगाच्या वाट्यांत साबणाचे पाणी भरून त्या शेतात ठेवतात. माश्या रंगाला भुलून आपणहून त्यात पडतात. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील दोन संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात तर कोणताही वास न लावता निव्वळ निळ्या उभ्या पट्ट्यांच्या सापळ्यात रानमाश्या मोठ्या संख्येने येतात हे दाखवले, आणि तेव्हापासून तो सापळा रानमाश्या गोळा करण्यासाठी सर्रास वापरला जातो. म्हणजे ज्याला मधमाश्या पकडायच्या आहेत तो माणूस जे रंग निवडतो, तेच रंग आपण मधमाश्या जगायला हव्यात अशा शेतात डिंक लावून उभे करतो.

हा प्रश्न चिकट कागदांपुरता नाही. हरभऱ्यातील घाटेअळी, कपाशीतील गुलाबी बोंडअळी, मक्यातील लष्करी अळी यांच्यासाठी जे कामगंध सापळे आपण लावतो, त्यातील गंधाची गोळी मादी पतंगाच्या वासाची असते आणि ती मधमाशीसाठी लावलेली नसते. परंतु सापळ्याच्या नरसाळ्याला आणि डब्याला रंग असतो. २०१६ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील संशोधकांनी अळीवर्गीय किडींच्या डबा-सापळ्यांत चुकून अडकणाऱ्या इतर कीटकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिरवे झाकण, पिवळे नरसाळे आणि पांढरा डबा अशा तिरंगी सापळ्यांत मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंद माश्या जास्त सापडल्या; संपूर्ण हिरव्या सापळ्यांत त्या बऱ्याच कमी होत्या. त्याआधी १९९९ मध्ये फ्लोरिडातील अभ्यासातही पांढऱ्या-पिवळ्या रंगाच्या आणि फुलांचा वास लावलेल्या सापळ्यांत केसाळ भुंगेमाश्या शिरत असल्याचे नोंदले गेले होते. तिकडच्या पिकांचे आणि माश्यांचे प्रमाण आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाही, हे मान्य. परंतु डोळ्याची रचना सर्व मधमाश्यांची जवळपास सारखीच असल्याने रंगाचा मुद्दा आपल्यालाही लागू पडतो, असे मानायला हरकत नसावी.

इथे मला एक गैरसमज आधीच दूर करायचा आहे. हे पत्र वाचून कोणी सापळे उपटून फेकावेत आणि पुन्हा पंपाकडे वळावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते अजून कोणी विसरलेले नाही. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशीचे जे नुकसान केले, त्यानंतर कामगंध सापळा गावोगाव पोहोचला आणि त्याने आपले विष आणि पैसे दोन्ही वाचवले आहेत. फुलोऱ्यातील एक फवारणी एका सकाळी जेवढ्या मधमाश्या मारील, तेवढ्या मारायला चिकट कागदांना अनेक हंगाम लागतील. म्हणून सापळ्यांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो "जास्त लावले तरी वाईट काही नाही" या वाक्याला.

या वाक्यामागे एक घोळ आहे. सापळा दोन कामांसाठी लावतात: कीड आली का, किती आली, वाढते आहे का हे समजण्यासाठी, किंवा कीड मोठ्या संख्येने पकडून कमी करण्यासाठी. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत हा फरक शिफारशीतच स्पष्ट आहे. सर्वेक्षणासाठी हेक्टरी ५ सापळे, आणि एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज ८ किंवा अधिक पतंग आले तर पुढची उपाययोजना. ज्याने हे आकडे ठरवले त्याने सापळ्याकडे थर्मामीटर म्हणून पाहिले आहे. चिकट कागदांच्या बाबतीत मात्र ही शिस्त दुकानापर्यंत येईतो विरघळून गेली आहे. एकरी दहा, वीस, चाळीस असे आकडे वर्षागणिक चढत जातात. ते किडीच्या संख्येमुळे चढतात की विक्रीच्या, याचे उत्तर देण्याची माझी योग्यता नाही. एवढे मात्र मी पाहिले आहे की उभ्या पिकात फुलकिडे लाखोंनी असताना वीस कागदांनी त्यांची संख्या आटोक्यात येत नाही, पण त्यांचा कल मात्र दोन कागदांवरूनही व्यवस्थित कळतो. मग उरलेल्या अठरा कागदांचा फुलोऱ्यात उपयोग कोणाला?

त्या दिवशी मी अठरा कागद काढून टाकले. उरलेले दोन खाली आणून पातीच्या उंचीवर, गोंड्यांच्या बरेच खाली बांधले, कारण फुलकिडे पातीच्या बेचक्यात राहतात आणि माशी गोंड्यांच्या पातळीवर उडते. अडकणाऱ्या माश्या लगेच कमी झाल्या, पूर्ण थांबल्या नाहीत. मग त्यातील एका कागदाभोवती तारेची चौकट करून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला, जाळी आणि डिंक यांच्यात बोटभर अंतर राहील असा. फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटर लांब आणि दोऱ्यासारखा बारीक असतो, तो मच्छरदाणीच्या भोकातून सहज जातो. फुलोरीसारखी लहान माशीही जात नाही. पुढच्या दोन आठवड्यांत जाळीच्या कागदावर एकही मधमाशी चिकटली नाही. फुलकिडे मोकळ्या कागदापेक्षा कमी चिकटले, परंतु वाढ-घट समजण्याइतके होते. मच्छरदाणीचा तुकडा घरचाच होता, खर्च फक्त तारेचा झाला. आमच्या गावातील एका ज्येष्ठ बीजोत्पादकांनी ते पाहून "मधमाशीला मच्छरदाणी, आता तिला गादीही घाला" अशी थट्टा केली, आणि आठवड्याने तारेचे माप विचारायला तेच आले. दोन कागदांवरून कोणी निष्कर्ष काढू नये हे मला समजते, तरी हे करून पाहण्याइतके सोपे आहे, म्हणून लिहिले.

एकेकट्या राहणाऱ्या रानमाश्यांबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्यांची हानी मोजली जात नाही. फुलोरीच्या पोळ्यात काही हजार माश्या असतात. त्यातल्या तीस-चाळीस कामकरी गेल्या तर पोळे ते सोसते, राणी नवी अंडी घालत राहते. परंतु भुईत बीळ करून राहणारी किंवा पोकळ काडीत घर करणारी रानमाशी एकटीच आई असते. तीच घर बांधते, तीच पराग आणते, तीच अंडे घालते. ती चिकटली की तिचे घर तिथेच संपते. तिच्या जागी काम करायला कोणी नसते. पानाचे गोल तुकडे कापून नेणारी माशी तुरीच्या फुलावर येते आणि तुरीतल्या परपरागीभवनात तिचा मोठा वाटा आहे. वांग्याचे तर प्रकरण आणखी विशेष आहे. वांग्याच्या परागकोशाला फक्त टोकाला बारीक छिद्र असते, आणि पराग बाहेर काढण्यासाठी फुलाला धरून छातीचे स्नायू जोरात थरथरवावे लागतात. हे पेटीतल्या मधमाशीला जमत नाही. ते निळ्या पट्ट्यांच्या रानमाशीला आणि लाकूड पोखरणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्याला जमते. वांग्याच्या शेतात कान देऊन उभे राहिले तर फुलावर बसल्यावर त्यांचा आवाज बदलतो आणि अधिक तीक्ष्ण होतो, हे कोणालाही ऐकू येईल. त्याच वांग्याच्या शेतात आपण पांढऱ्या माशीसाठी पिवळे कागद टांगतो. मधपेट्या भाड्याने आणता येतात. हा भुंगा भाड्याने मिळत नाही.

प्रकाश सापळ्यांविषयी थोडक्यात. मधमाशी दिवसाची, म्हणून रात्रीचा दिवा तिला काय करणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आग्या माशी चांदण्या रात्रीही चारा गोळा करायला बाहेर पडते आणि दिव्याकडे झेपावते, हे ज्यांच्या गावात मोठ्या वडाला किंवा पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागते त्यांना सांगायला नको. सौर दिव्याचे सापळे रात्रभर चालू न ठेवता संध्याकाळी दोन-तीन तासच चालवावेत आणि मोहोळाच्या आसपास लावू नयेत, एवढे पाळले तरी पुरे. फळमाशीच्या सापळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. आंबा आणि वेलवर्गीय पिकांतील त्या सापळ्यांत नर फळमाशीला खेचणारा गंध असतो आणि माझ्या दोडक्याच्या मांडवातील बाटल्यांत मला मधमाशी क्वचितच दिसली. मात्र घरगुती म्हणून गूळ किंवा आंबवलेले पाणी घालून जे सापळे केले जातात, त्यांत मधमाश्या गोडाला येणारच.

आता माझ्या विनंत्या. पहिली आणि सर्वांत स्वस्त विनंती सापळे विकणाऱ्यांना आणि त्यांच्या पाकिटांवरचा मजकूर ठरवणाऱ्यांना आहे. 'परागीभवनावर अवलंबून असलेल्या पिकात फुलोरा सुरू होताच हे सापळे काढावेत किंवा कमीत कमी ठेवून पातीच्या उंचीवर उतरवावेत' हे एक वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत छापायला शाईखेरीज काही लागत नाही. दुसरी विनंती, अनुदानावर कामगंध सापळे वाटताना नरसाळे आणि झाकण हिरव्या रंगाचे असावे अशी अट घालता येईल का, याचा विचार व्हावा. आपल्या नरसाळ्यांना अनेकदा भडक पिवळा रंग असतो, तो बांधावरून शेतकऱ्याला ओळखू यावा म्हणून असेल. पतंग तर रात्री मुख्यतः वासावर येतो.

तिसरी विनंती राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि राजगुरुनगरचे कांदा व लसूण संशोधन संचालनालय यांना आहे. या दोन्ही संस्थांचे वाण आणि शिफारशी यांवर आमची शेती उभी आहे. निळ्या कागदाची उंची, फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर त्याची एकरी संख्या, जाळीचे माप आणि फुलकिड्यांच्या नोंदीवर होणारा तिचा परिणाम, एवढ्या चार गोष्टींची चाचणी एका रब्बी हंगामात होऊ शकते. सोबत त्याच प्लॉटमधील गोंड्यांत किती बी भरले हेही मोजले तर शेतकऱ्याला लगेच पटेल, कारण माशी वाचली की बी वाढते हे त्याला तराजूवर दिसेल. कांद्याचे बी एकरी दोन-तीन क्विंटल निघते आणि त्याचा भाव किलोला हजारांच्या घरात असतो. बी भरण्यातला थोडासाही फरक सापळ्यांच्या सगळ्या खर्चापेक्षा मोठा आहे.

चौथी विनंती नोंदींबद्दल आहे. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर अळीचा जो उद्रेक झाला, त्यानंतर २००९-१० पासून राज्यात पीक कीड-रोग सर्वेक्षणाचा, म्हणजे क्रॉपसॅपचा, प्रकल्प चालू आहे आणि त्यात गावोगावच्या शेतांतील सापळ्यांतले पतंग नियमित मोजले जातात. माणूस सापळ्यापर्यंत जातोच, वाकून पाहतोच, लिहितोच. त्याच तक्त्यात सापळ्यात सापडलेल्या मधमाश्या आणि रानमाश्या यांच्या संख्येसाठी एक रकाना असावा. दोन-तीन वर्षांत कोणत्या पिकात, कोणत्या महिन्यात, कोणत्या रंगाच्या सापळ्यात त्या जास्त सापडतात याचे महाराष्ट्राचे स्वतःचे आकडे हाती येतील आणि मग माझ्यासारख्याला युटा आणि ओरेगॉनचे दाखले देत बसावे लागणार नाही.

मधमाश्यांच्या नावाने सध्या बरेच चांगले काम होते आहे, हेही नोंदवले पाहिजे. केंद्र सरकारने राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. परंतु या सगळ्याचा भर पेटीवर आणि मधावर आहे. माझ्या कागदावर चिकटलेल्या माश्यांपैकी एकही पेटीतली नव्हती. त्यांचा मालक कोणी नाही, त्यांच्या मधाची बाटली भरत नाही, म्हणून त्यांच्या मरणाची तक्रार घेऊन कोणत्याही कार्यालयात कोणी जात नाही. माझ्यासाठी त्या दरवर्षी फेब्रुवारीत बिनपगारी राबतात, एवढाच माझा त्यांच्याशी संबंध आहे, आणि तेवढ्या नात्याने ही तक्रार मी लिहीत आहे.

काढून टाकलेले ते अठरा निळे कागद मी जाळले नाहीत. प्रत्येकाच्या मागे तारीख आणि वावरातील जागा लिहून, वर पारदर्शक प्लॅस्टिक लावून, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून ते कपाटात ठेवले आहेत. त्यावरील रानमाश्यांच्या जाती ओळखू शकणाऱ्या कोणत्याही कीटकशास्त्रज्ञाला ते पाहायचे असतील तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी ते स्वतः घेऊन येईन. यंदाचे कांदे लावून झाले आहेत. या वेळी प्लॉटमध्ये दोनच कागद आहेत, दोन्ही जाळीत.

आपला विश्वासू,
एक कांदा बीजोत्पादक शेतकरी
ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर